वहिनी, टाकी माझ्याकडं होती

वहिनी, तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या टाकीत एकच मासा उरला होता, आणि तोही मी आणलेला. एवढं ऐकूनच बाकीचं तुम्हाला कळलं असेल. पंचवीस वर्षं तुम्ही या दिराला ओळखत होतात. तरी सांगतो. समोर असताना सांगायचं धाडस झालं नाही, आणि आता मध्येच "भावजी, मुद्द्याचं बोला की" म्हणून थांबवायला तुम्ही नाही.

गेलेल्या माणसाचे गुण सांगायची रीत आहे. तुमचे मी सांगणारच आहे. पण तुमच्या प्रत्येक गुणाला लागून माझा एकेक गाढवपणा उभा आहे, त्याला मी तरी काय करू?

मुळात ते मासे या घरात आले तेच माझ्या कृपेनं. डेंग्यूची साथ होती. आरोग्य खात्याची बाई गल्लीत घरोघर पाणी तपासत फिरत होती. खाली तुमच्याकडं सगळं घासूनपुसून कोरडं. वर आमच्या गच्चीवर 'झाडांना होईल' म्हणून मी साठवलेला बॅरल. तिनं त्यात बॅटरी मारली आणि शेजारच्या चार गच्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, हितं डासांचं पाळणाघरच काढलंयसा की!" आठवीला नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस मी. दुसऱ्या दिवशी वर्गात 'नागरिकांची कर्तव्ये' हा धडा होता.

तिनं प्लास्टिकच्या पिशवीतले गप्पी मासे बॅरलमध्ये सोडले. आठवड्यात अळ्या संपल्या. माझ्या दृष्टीनं विषयही संपला. तुम्ही मात्र रोज जिना चढून वर यायला लागलात. पदर खोचून बॅरलवर वाकायचात, आणि खाली गेल्यावर दादाला सांगायचात, "एक हाय बघा, पोटुशी. कोपरा सोडीना." दादा साखर कारखान्यात फिटर होता. बोलायचं काम त्यानं आयुष्यभर तुमच्यावर सोडलेलं. तो काही न बोलता बाजारात गेला, काचा कापून आणल्या आणि दोन फूट बाय एक फुटाची टाकी स्वतः चिकटवली. पुढच्या सोप्यात, तुमच्या शिवणाच्या मशीनशेजारी ती बसली. वर तुम्ही बालवाडीतलीच एक पाटी लावलीत: 'काचेवर टकटक करू नये.' ती पाटी गल्लीतल्या पोरांसाठी आहे असं मी चार वर्षं समजत होतो.

बालवाडीत वीस वर्षं काढलेल्या बाईची नजर काय असते, ते मी त्या टाकीसमोर बघितलं. आम्हाला मासे म्हणजे हलणारे रंग दिसायचे. तुम्हाला माणसं दिसायची. कोण धाक दाखवतो, कोण मुकाट बाजूला होते, कोण दुसऱ्याच्या तोंडचं पळवतो. एखादा मासा आजारी पडायच्या दोन दिवस आधी तुम्हाला कळायचं. मी विचारलं, कसं? तुम्ही म्हणालात, "दंगा करणारं पोर आपोआप दिसतंय, भावजी. घोळक्यातनं बाजूला हुबं ऱ्हायलेलं आधी बघायचं."

आणि तो आपला वाद. तो काही मिटला नाही. टाकीत आठ माद्या आणि दोनच नर बघून माझ्यातला नागरिकशास्त्राचा मास्तर जागा झाला होता.

"वहिनी, हा काय न्याय? आठ बायका आणि दोन पुरुष? जोड्या लावा की. एकाला एक."

"बसा हितं. पाच मिनिटं तोंड मिटून बघा."

तोंड मिटणं जमलं नाही, पण बघितलं. नारिंगी शेपटीचा नर एका मादीसमोर आला, अंग धनुष्यासारखं वाकवलं आणि थरथरायला लागला, जणू मिरवणुकीत लेझीम खेळतोय. तिनं तोंड फिरवलं. तो दुसऱ्या बाजूनं आला, पुन्हा लेझीम. ती झाडामागं गेली. तो क्षणभर घोटाळला आणि दुसरीच्या मागं लागला.

"बघितलासा? आठजणी हायत म्हणून एकीला दम खायला मिळतोय. एकच असती तर दिवसभर पळवलं असतं तिला. घास खाऊ दिला नसता. आठ दिसांत मेली असती. तुमचा न्याय तिला जाऊन सांगा."

"पण टाकीला रंग आहे तो नरांमुळं."

"रंग बघायला नर. टाकी चालवायला माद्या."

दारात मेथी निवडत बसलेली माझी बायको, मंगल, एवढ्यानं हसली की निवडलेली आणि न निवडलेली मेथी एक झाली. "अक्का, हे माशांचंच सांगतायसा न्हवं?" गल्लीभर तुम्हाला सगळे अक्काच म्हणायचे, ती गडहिंग्लजकडची हाक तुम्ही लग्नात सोबतच आणली होती. मी हरलो होतो. पण मान्य केलं नाही. मान्य करणं आमच्या विषयाच्या अभ्यासक्रमात नाही.

राधानगरीची सहल आठवते? सगळे धरणाकडं पाठ करून फोटो काढत होतो, आणि तुम्ही खालच्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात. दशम्यांच्या रिकाम्या डब्यात पाणवनस्पतीचा एक झुबका घेऊन वर आलात. येताना तो डबा मांडीवर, जसं काही तान्हं बाळ घेऊन निघालायत. घरी येऊन तो झुबका टाकीच्या मधोमध लावलात. तोवर जन्मलेली पिल्लं तासाभरात नाहीशी व्हायची, त्यांची आईच गिळायची. मला त्या माशांची घृणा आली होती. तुम्ही म्हणालात, "आई वाईट नसती हो. पोराला लपायला जागा नसती." झुबका लावला आणि पंधरा दिवसांत टाकीत डोळ्यांना पाय फुटावेत तशी इवली पिल्लं फिरायला लागली. आधी नुसते डोळेच दिसायचे.

तेव्हा मला ते माशांचंच वाटलं. आता लिहिताना आपला जिना आठवतो. माझं लग्न झालं तेव्हा वरच्या खोलीला जायला तुमच्या स्वयंपाकघरातूनच वाट होती. मंगल आणि मी भांडलो की खाली ऐकू यायचं, दादा आणि मी भांडलो की वर. वर्षभरात घराचे दोन तुकडे व्हायची वेळ आली होती. वाटणीची भाषाही झाली. तुम्ही कुणाची समजूत काढली नाहीत. कुणाला चार शब्द सुनावले नाहीत. दादाला सांगून बाहेरून एक लोखंडी जिना बसवून घेतलात, बस्स. आम्ही आपल्या दारानं वर जायला लागलो. मग खाली येऊन जेवायला लागलो. वाटणी कुठं गेली, कळलं नाही. दोन फुटांच्या घरात तुम्ही मधोमध झुबका लावला होता, आणि मी इतकी वर्षं त्याला नुसता जिना म्हणत होतो.

पिल्लं वाढली, टाकी भरली, आणि संक्रांत आली. हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, चहाची गाळणी, फार तर स्टीलची वाटी देतात. तुम्ही मासे द्यायचं ठरवलंत. मी पोट धरून हसलो. "वहिनी, लोक वाण लुटतात. हे वाण पळून जाईल." तुम्ही सात बरण्या मांडल्यात. प्रत्येकीत एक नर, तीन माद्या आणि पाणवनस्पतीची एक काडी. आणि पहिली बरणी घेऊन तुम्ही समोरच्या वत्सलाकाकूंच्या दारात गेलात. काकूंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, आणि त्याही आपल्या आपण त्या दिवशी दार लावून घ्यायच्या. तुम्ही दार वाजवून म्हणालात, "काकू, माशांना सवाष्ण लागत न्हाई. चला." काकू आल्या. दोन बायका जरा कुजबुजल्या. तुम्ही त्यांच्या हातात बरण्या दिल्यात, तेव्हा कुजबुजायला हात तोंडाशी न्यायची सोय राहिली नाही.

एक बरणी मंगललाही मिळाली, म्हणजे वर आमच्याकडं आली. आठ दिवस टिकली. मला वाटलं, रोज तीच कोरडी भुकटी खाऊन कंटाळत असतील, म्हणून मी भडंग कुटून घातला. मसाल्याचा. तुम्ही बरणी बघितलीत, माझ्याकडं बघितलंत आणि रागावला नाहीत. पण त्यानंतर टाकीपाशी मी खाण्याच्या डबीत बोटं घातली की माझं मनगट धरायचात. "चिमटीतली निम्मी परत डब्यात." वर्षानुवर्षं. कुणी पाहुणे असले तरी.

म्हणून मला अजून कळत नाही, दवाखान्यात जाताना टाकी तुम्ही माझ्यावर का सोडलीत. दादा तुमच्याजवळ राहणार होता, मंगल डबे पोचवणार होती, उरलो मी, हे खरं. रिक्षात बसताना तुम्ही तीन बोटं दाखवलीत. "तीनच गोष्टी. दिवसातनं एकदा खाणं, निम्मी चिमूट. पाणी सगळं बदलायचं न्हाई. नवीन काय आणायचं न्हाई."

वहिनी, तिन्ही मोडल्या. क्रमानं सांगतो.

दोन्ही म्हातारे नर पावसाळ्यातच गेले होते. टाकीत नऊ करड्या माद्या तेवढ्या होत्या. डॉक्टर म्हणाले गुरुवारी घरी सोडतो, आणि मला वाटलं, तुम्ही दारातून आत याल तेव्हा टाकी कशी रंगीत दिसली पाहिजे. दुकानात जाऊन सहा नर आणले. मोरपंखी, लालभडक, एक तर पिवळाजर्द. पहिल्या दिवशी टाकीत रंगपंचमी होती. मी खुर्ची टाकून बसलो आणि मनात म्हटलं, बघा वहिनी, रंग.

दुसऱ्या दिवशी पाठलाग सुरू झाला. सहाच्या सहा लेझीम खेळत एकेकीच्या मागं. कुणालाच दम खायला मिळेना. तिसऱ्या दिवशी एक मादी फिल्टरच्या मागं जाऊन अडकली, ती बाहेर आलीच नाही. यांचं लक्ष खाण्याकडं वळवावं म्हणून मी खाणं वाढवलं. पाणी ताकासारखं झालं. दोघी अजून गेल्या. तेव्हा घाबरून सगळं पाणी काढलं आणि सरळ नळाची पाइप लावली. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन उडावं म्हणून ते बादलीत एक दिवस ठेवून मग घालायचं, हे तुम्ही माझ्यासमोर शंभरदा केलं होतं. मी त्या वेळी बोलत असणार. संध्याकाळपर्यंत दोन नर शिल्लक होते.

आणि गुरुवार पुढं ढकलला गेला.

तुमचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "भावजी, मासं कसं हायत?"

"मजेत, वहिनी."

"जरा व्हिडिओ धाडा की."

मी मोबाइल चाळून दिवाळीतला एक व्हिडिओ काढला आणि पाठवला. तासाभरानं तुमचा फोन. "बघितला. बरं." एवढंच. त्या 'बरं'वर मी चार दिवस निर्धास्त झोपलो.

शेवटचा पराक्रम राहिला. दोनच नर बरे दिसेनात, म्हणून पुन्हा त्याच दुकानात गेलो. तो म्हणाला, "सर, हा फायटर न्या. एकटाच टाकी भरून टाकतो, लई शांत हाय." तुम्ही एकदा सांगितलं होतं, फायटरला लांब शेपटी दिसली की दुसरा फायटरच आला असं वाटतं. ते मला आठवलं, पण सकाळी, दोन्ही नर शेपट्यांशिवाय तळाशी पडलेले दिसले तेव्हा. तुमच्या टाकीत निळा फायटर एकटा फिरत होता. लई शांत.

त्याच्या तिसऱ्या दिवशी, सोमवारी, दादाचा फोन आला. त्यानं फक्त "दिल्या" अशी मला हाक मारली आणि फोन ठेवला.

तुम्हाला सोप्यात आणायचं होतं. लोक जमायला लागले. आणि वहिनी, त्या क्षणी रडायच्याही आधी मी काय केलं असेल? टाकीवर टॉवेल टाकला. तुम्हाला दिसेल म्हणून. गल्लीतले एक म्हातारे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर केलंस बाळा. मुक्या जिवांना बघवत न्हाई." मग मात्र मला जे रडू फुटलं, ते लोकांना आवरेना. त्यात तुमचं किती आणि माझ्या लबाडीचं किती, मला आजही सांगता यायचं नाही.

तेरा दिवस टॉवेल तसाच. दादा खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचा, पण टॉवेलला हात लावायचा नाही. त्याला वाटायचं आत तुमचे मासे आहेत आणि ते बघायचं आपल्याला सोसणार नाही. मला माहीत होतं आत काय आहे. तो उठून अंघोळीला गेला की मी चोरासारखा कोपरा उचलून फायटरला खायला घालायचो. निम्मी चिमूट. तेव्हा मला ते जमायला लागलं. दादा जेवत होता, विचारलं तर मान हलवत होता, पण सकाळी सातला तुम्ही दोघं चहा घेऊन टाकीसमोर बसायचात, त्या वेळी तो नुसता भिंतीकडं बघत राहायचा. आज ना उद्या तो टॉवेल काढणार, आणि तुमच्यामागं तुमचं काही राहिलेलं नाही, हे त्याला माझ्यामुळं कळणार.

तेराव्याची जेवणं उरकली. भांडी वाजायची थांबली, तशा वत्सलाकाकू आल्या. पदराखाली बरणी. त्यांच्यामागं तुमच्या त्या हळदीकुंकवातल्या अजून तिघी, सगळ्यांच्या हातात बरण्या. काकूंनी कुणाला न विचारता टॉवेल ओढला. फायटरनं सगळ्यांकडं तोंड करून कल्ले फुलवले.

दादानं टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, "दादा, मी..." पंचवीस वर्षं शिकवण्यात गेली आणि एक वाक्य पुरं होईना.

काकू म्हणाल्या, "गप ऱ्हावा सर. अक्काला म्हाईत हुतं."

मग त्यांनी दादाला सांगितलं, आणि मी भिंतीला टेकून ऐकलं. तुम्ही दवाखान्यातून त्यांना फोन केला होता. "काकू, आमच्या भावजींनी टाकी मोकळी केली जणू. व्हिडिओ धाडलाय, त्यात काचंवर आकाशकंदील दिसतोय, आणि आता शिमगा चाललाय. त्यांना काय बोलू नका, लई मनाला लावून घेत्यात. मी घरला आलो की तुमच्याकडनं मासं घेतो. आणि न्हाईच आलो, तर तेरावं झाल्यावर तुम्ही आणून सोडा. ह्यांना सकाळचं कायतरी बघायला पाहिजे. आणि नर आणू नका काकू. नर भावजींनी आणलं असतील."

सगळ्या बायका पदराआड हसल्या आणि त्याच पदरानं डोळे पुसले. मंगल आतून दोन बादल्या घेऊन आली. पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं. म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्या बायकांना सगळं माहीत होतं, आणि मला वाटत होतं मी लपवतोय.

काकूंनी जाळीनं फायटर काढला, मोठ्या बरणीत सोडला आणि बरणी माझ्या हातात दिली. "ह्यो तुमचा. वर न्या. हा एकटाच बरा." टाकी धुतली, झुबका जागेवर लागला आणि एकेक बरणी उपडी झाली. अकरा माद्या. तुमच्याच माशांच्या नाती आणि पणत्या. थोडा वेळ त्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून थांबल्या, मग एक पुढं निघाली आणि बाकीच्या तिच्यामागं.

मी न राहवून म्हटलं, "दोन नर आणू का?"

दादा तेरा दिवसांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "त्या दुकानाच्या रस्त्यानं जरी गेलास तर तंगडी मोडीन!" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

वहिनी, आपला वाद मिटवून टाकतो. तुमचं बरोबर होतं. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, "कशाबद्दल बरोबर, ते नीट लिहा." माशांबद्दल. जिन्याबद्दल. काकूंच्या दाराबद्दल. आणि माझ्याबद्दल तर फारच. मी फसणार हे धरून चालून तुम्ही पुढची तजवीज केलीत, आणि तरी टाकी माझ्याकडंच ठेवलीत. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणायला जीभ वळत नाही. त्याला दुसरा शब्द असेल. तुमच्याकडं असता तो.

परवाची गोष्ट. सकाळी सात वाजता खालून जिन्याचं लोखंड वाजलं. दादा चमच्यानं वाजवत होता. "दिल्या! खाली ये! लवकर!" मी बनियनवर धावलो. आता काय मेलं, हेच मनात.

दादा टाकीसमोर गुडघ्यावर बसला होता. चहा शेजारी थंड झालेला. त्यानं बोट दाखवलं. झुबक्याच्या आत डोळे होते. नुसते डोळे. चार, सहा, मग दिसायलाच लागले, वीसेक तरी असतील. टाकीत नर एकही नाही. माद्या येतानाच पोटात घेऊन आल्या होत्या. हेही तुम्हाला माहीत असणार.

आम्ही दोघं भाऊ डोक्याला डोकं लावून ते मोजत बसलो. मग मला वाटलं, इवली पिल्लं आहेत, भुकेली असतील. मी डबी उघडली आणि बोटं आत घातली.

दादानं माझं मनगट धरलं. टाकीवरची नजर न काढता म्हणाला, "चिमटीतली निम्मी परत डब्यात."